ओब्दुलियो शिंप्याची चिवा

ओब्दुलियो आर्बेलाएस पोटासाठी शिंपी होता आणि जिवासाठी वार्ताहर. ला कुचिया गावच्या चौकात, चर्चसमोरच्या रांगेत, न्हाव्याचं दुकान आणि मेणबत्त्यांचं दुकान यांच्या मधोमध त्याचं दुकान होतं. दारावर दोन पाट्या. मोठीवर लिहिलेलं, 'आर्बेलाएस, सूट व पँट'. लहानीवर, 'एल पारामो, मेडेयिन. अधिकृत वार्ताहर'. लहान पाटी तो रोज सकाळी कापडाने पुसायचा. मोठीवर कबुतरांनी काहीही केलं तरी त्याची हरकत नसे.

वार्ताहरकी त्याच्याकडे आपण होऊन चालत आली होती. आधीचा वार्ताहर म्हातारपणी लेकीकडे समुद्रकाठी राहायला गेला, तेव्हा मेडेयिन शहरातल्या या 'एल पारामो' पेपरचे संपादक साउल यांनी गावात विचारलं की इथलं सगळं कुणाला ठाऊक असतं. पाद्रीबाबांनी शिंप्याकडे बोट दाखवलं. ठाऊक तर पाद्रीबाबांनाही असायचं, पण कबुलीजबाबात ऐकलेलं बोलायची त्यांना बंदी होती. शिंप्याला तसली बंदी नव्हती. माणूस हात वर करून, पोट आत ओढून मापाला उभा राहिला की त्याच्या तोंडून काय काय गळतं, हे टेप गळ्यात घातल्याशिवाय कळत नाही. कुणी घाईघाईने काळा सूट शिवायला टाकला, तर एक तर पोरीच्या बापाने होकार दिलेला असायचा, नाही तर स्वतःचा बाप शेवटच्या घटका मोजत असायचा. दोन्ही गोष्टी ओब्दुलियोला गावाच्या आधी कळत.

पण कळणं वेगळं आणि छापून येणं वेगळं. एकदा डोंगर खचून वरच्या वाडीची वाट बंद झाली. लोकांनी दोरीवरून दुधाच्या चरव्या उतरवल्या, आणि पलीकडे अडकलेल्या एका नवरानवरीचं पाद्रीबाबांनी दरीच्या अलीकडूनच ओरडून लग्न लावून दिलं. ओब्दुलियोने हे सगळं तब्येतीने लिहून पाठवलं. छापून आलं ते एवढंच: 'ला कुचिया: पाऊस चांगला आहे.' तेही शेवटून दुसऱ्या पानावर, जंताच्या औषधाच्या जाहिरातीखाली.

मग एक दिवस साउलसाहेबांची चिठ्ठी आली. लग्नं आणि बारशी पुरे झाली, आता एखादी चिवा पाठवा, असं तीत होतं. ओब्दुलियोने चिठ्ठी बायकोला, रोसाउराला, दाखवली. चिवा म्हणजे शेळी, हे आमच्या डोंगरातल्या पोराला बोलता यायच्या आधी कळतं. रोसाउराने चूल फुंकता फुंकता विचार केला आणि म्हणाली की संपादक आजारी असतील, आजाऱ्याला शेळीचं दूध चांगलं. पण दुभती हवी की कापायची, ते नको का लिहायला?

शेवटी मार्कोसने उलगडा केला. मार्कोस शहराच्या बसचा ड्रायव्हर. त्या बसलाही आमच्याकडे चिवाच म्हणतात. लाकडी बाकं, अंगभर तांबड्या-पिवळ्या-निळ्या नक्ष्या, टपावर केळीचे घड आणि कॉफीची पोती. आणि घाट असा चढते की शेळीनेसुद्धा शिकावं. येताना तो पेपरचे गठ्ठे आणायचा, त्यामुळे पेपरच्या ऑफिसात त्याची ऊठबस होती. तो म्हणाला, "पेपरवाल्यांची चिवा निराळी, मास्तर. जी बातमी दुसऱ्या कुणाकडे नाही आणि आपल्याला पहिल्यांदा मिळाली, ती चिवा. मिळाली की टेबलावर चढून नाचतात. दुसऱ्याला मिळाली की घरी मयत झाल्यासारखे बसतात."

"त्यापेक्षा शेळी बरी," रोसाउरा म्हणाली. "निदान दूध देते."

ओब्दुलियोच्या डोक्यात मात्र ती तिसरी चिवा शिरली ती शिरलीच. त्याला आपलं नाव पहिल्या पानावर बघायचं होतं, आणि त्याच्या आड एक माणूस होता: बेनिग्नो, औषधांच्या दुकानाचा मालक. तो 'ला कोलुम्ना' या दुसऱ्या पेपरचा वार्ताहर. चर्चच्या मोठ्या घंटेला तडा गेला ती बातमी बेनिग्नोने आधी लावली, तेव्हा ओब्दुलियो चर्चच्या अगदी समोर बसून एका कॉलरला अस्तर लावत होता. गाव कितीतरी दिवस म्हणत होतं की मास्तरला चिवेने शिंग मारलं. बेनिग्नोची जमेची बाजू म्हणजे त्याची बहीण. गावातलं तारऑफिस तेओदोलिंदाबाईंच्या हातात होतं, टेलिफोनही त्याच जोडून देत, आणि दुपारी राजम्याच्या वाटीबरोबर आलेल्या-गेलेल्या तारा त्या भावाला वाढत.

अशात एका बुधवारी दुपारी धुकं इतकं दाटलं होतं, की चौकातून चर्च दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. दुकानाच्या दारात एक उंच गृहस्थ येऊन उभे राहिले. कमरेच्या वर हॅट, टाय, कोट, सगळं शहरी आणि भारी. कमरेखाली रुआना, म्हणजे आमची लोकरीची घोंगडी, लुंगीसारखी गुंडाळलेली. मागे त्यांचा ड्रायव्हर, अंगावरची घोंगडी साहेबांना दिल्यामुळे कुडकुडत. गृहस्थ आत आले ते भिंतीला पाठ लावून, खेकड्याच्या चालीने.

"मास्तर, पडदा आहे का?"

शिंपी माणसाच्या आधी कापड बघतो. ओब्दुलियोने कोट पाहिला, कोटाची शिवण पाहिली, आणि मग चेहरा पाहिला. हाच चेहरा नगरपालिकेच्या भिंतीवर चौकटीत टांगलेला होता. प्रांताचे गव्हर्नर होते ते.

घडलं होतं ते असं. साहेब कुणाला न कळवता चुलतभावाच्या मळ्यावर निघाले होते. वरच्या वळणावर गाडी चिखलात रुतली. ड्रायव्हर चाकाखाली दगड लावत होता, तेवढ्यात साहेबांना तारेच्या कुंपणापलीकडे जावं लागलं, कारण सांगायला नको. जाताना कुंपणाने जाऊ दिलं, येताना पकडून ठेवलं. पँट बैठकीपासून गुडघ्यामागपर्यंत उघडी झाली होती. ओब्दुलियोने ती दोन्ही हातांत धरून उजेडाकडे केली आणि डॉक्टरने नाडी बघून मान हलवावी तशी मान हलवली. वेळ लागेल, असं तो म्हणाला.

पडद्यामागे, कापड बेतायच्या टेबलावर, प्रांताचे गव्हर्नर निळ्या रेघांच्या चड्डीत पाय हलवत बसले. रोसाउराने पडद्याच्या फटीतून, तोंड दुसरीकडे करून, गरम गुळवणी आणि चीजचा तुकडा आत सरकवला. साहेबांनी चीज गुळवण्यात बुडवलं, एक घोट घेतला आणि मोठ्ठा उसासा टाकला. बिनपँटचा माणूस दोनच गोष्टी करतो, एक तर गप्प बसतो, नाही तर मनातलं सगळं बोलतो.

"किती महिन्यांनी असा निवांत बसलोय," साहेब म्हणाले. "आणि शनिवारनंतर रोज असाच बसणार आहे."

ओब्दुलियोच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने नुसतं "अं?" केलं.

"राजीनामा दिला, मास्तर. वर मंजूरही झालाय. शनिवारी जाहीर करतील. मग भावाच्या शेजारी कॉफी लावीन. कुणाची सभा नाही, कुणाचं भाषण नाही."

ओब्दुलियोला सुई बोटात घुसलेलीही कळली नाही. त्याने टाचण्या हातावर काढून घेतल्या आणि, आयुष्यात फक्त एकच प्रश्न विचारायची परवानगी असल्यासारखं, विचारलं, "नक्की?"

"सही झाली," साहेब म्हणाले, आणि उरलेलं चीज संपवलं.

पँट झाली. साहेबांनी ती चढवली, आरशाकडे पाठ करून मान वळवून वळवून पाहिलं आणि एकदम गंभीर झाले. "मास्तर, हे कुणाला कळता कामा नये," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी पँटच्या बैठकीवरून हात फिरवला. सुई ओवताना शिंपी ज्या सांता लुसियाचं नाव घेतात, तिची शपथ ओब्दुलियोने घेतली. साहेब गाडीत बसून धुक्यात गेले.

गाडीचा आवाज विरला तसा ओब्दुलियोने दुकानाचं दार लावलं आणि बायकोला समोर बसवलं. प्रश्न असा होता की शपथ नेमकी कशाची घेतली. त्याचं मन म्हणत होतं पँटची. पण मनाला चिवा हवी होती, त्यामुळे त्याचा मनावर विश्वास नव्हता.

"हात कुठे होता त्यांचा?" रोसाउराने विचारलं.

"बैठकीवर."

"मग शपथ बैठकीची. राजीनाम्यावर थोडाच हात ठेवला होता त्यांनी."

एवढ्यावर न्याय झाला. पँटबद्दल मरेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, राजीनामा मात्र छापायचा. आता तो शहरात पोचवायचा कसा? तार करावी तर ती बेनिग्नोच्या ताटात जाणार. टेलिफोनचं तेच. तेव्हा स्वतःच जायचं ठरलं, पण साउलसाहेबांनी पहिल्या पानावर जागा तरी राखून ठेवायला हवी. ओब्दुलियो तारऑफिसात गेला आणि त्याने अशी तार लिहिली: 'मोठी चिवा घेऊन उद्याच्या चिवेने येतो.' आपण केवढी हुशारी केली, असं त्याला परत येताना वाटत होतं.

तेओदोलिंदाबाईंना त्यात शेळीच दिसली. मास्तर संपादकाला शेळी देऊन खूश करणार आहेत, ही बातमी चौकभर झाली. पण बेनिग्नो स्वतः पेपरवाला. त्याला तिसरी चिवा चांगली ठाऊक होती. तो कोटाचं न तुटलेलं बटण दाखवायच्या निमित्ताने दुकानात आला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग सहज म्हणाला, "ऐकलं, चिवा घेऊन निघालात. कुठली चिवा, मास्तर? चार पायांची, की बिनपायांची?"

"चार पायांची," ओब्दुलियो म्हणाला.

"दिसत नाही ती कुठे."

"सकाळी येणार आहे."

बेनिग्नो हसला आणि म्हणाला की सकाळी तो चिवेला निरोप द्यायला येईल. तो गेल्यावर ओब्दुलियो शिलाई मशीनवर डोकं टेकून बसला. रोसाउराने मात्र रुआना खांद्यावर टाकली आणि थेट एदुव्हिखेसबाईंचं घर गाठलं. या विधवा बाईंकडे एक शेळी होती, नाव राजकन्या. या राजकन्येने वेदीवरची फुलं एकदा नाही, अनेकदा खाल्ली होती, आणि पाद्रीबाबांनी बाईंना सांगितलं होतं की एक तर शेळी विका नाही तर दर रविवारी घरी बांधून या. शहरात मास्तर तिला विकून देतील, असं रोसाउराने म्हणताच बाईंनी दोरी हातात दिली. त्या रडल्या, पण दोरी परत मागितली नाही.

सकाळी बसपाशी निम्मा गाव होता. बेनिग्नोने राजकन्येचे दात पाहिले, कासेला हात लावून पाहिला आणि थोडा हिरमुसला. शेळी खरी होती, त्यात शंका नव्हती. मार्कोस म्हणाला की शेळी बाकावर बसणार नाही, टपावरच जाईल, आणि त्याने तिला केळीच्या घडांमध्ये बांधलं. अशा रीतीने ओब्दुलियो एका चिवेत बसून, दुसरी चिवा डोक्यावर आणि तिसरी चिवा छातीशी घेऊन घाट उतरला. वाटेत पूल दुरुस्तीला काढला होता, तिथे बस खोळंबली. शहर येईपर्यंत गुरांच्या बाजाराची वेळ टळून गेली, आणि केळीचा एक आख्खा घडही नाहीसा झाला होता. शेळीला बांधायला जागा नव्हती. बातमी थांबायला तयार नव्हती. ओब्दुलियो दोरी धरून तसाच 'एल पारामो'च्या जिन्याने वर गेला.

ऑफिसात टाइपरायटर थांबले. मग एक जण गंभीर तोंड करून म्हणाला, "साउलसाहेब, चिवा आली." त्यानंतर जे हसू फुटलं ते खालच्या छापखान्यापर्यंत गेलं. छपाईचे खिळे जुळवणारे लोक काळ्या हातांनी वर बघायला आले. कुणी विचारलं पहिल्या पानावर मावेल का, कुणी म्हणालं शिंगं कापून दोन कॉलमात बसवा. राजकन्येने या सगळ्यांकडे दुर्लक्ष केलं. कात्रणं चिकटवायच्या खळीचं भांडं टेबलाच्या कडेला होतं, ते तिने चाटूनपुसून स्वच्छ केलं.

साउल हा जाडजूड, दमेकरी, मनाने वाईट नसलेला माणूस होता. त्याने ओब्दुलियोला काचेच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि ऐकून घेतलं. राजीनामा हा शब्द ऐकताच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं.

"कुणी सांगितलं?"

"खुद्द गव्हर्नरसाहेबांनी."

"कुठे?"

"माझ्या दुकानात."

"कशाला आले होते ते तुमच्या दुकानात? सूट शिवायला?"

ओब्दुलियो कोटाचं बटण चाचपू लागला.

"अहो, मेडेयिनमध्ये शिंपी मेले का? प्रांताचा गव्हर्नर धुक्यातून डोंगर चढून तुमच्याकडे येतो आणि राजीनाम्याची गोष्ट सांगतो. कशासाठी आला होता तेवढं सांगा, मी आत्ता पहिलं पान मोडतो."

ओब्दुलियो सांगतो की त्याच्या घशाशी ती पँट आली होती. एक वाक्य, फक्त एक, आणि काचेपलीकडचे सगळे हसणारे उभे राहिले असते. निळ्या रेघांची चड्डी ज्याने सांगितली त्याच्यावर विश्वास न ठेवणारा संपादक जगात नाही. पण बैठकीची शपथ झाली होती. त्याने डोळे मिटले, सांता लुसियाला आठवलं आणि म्हणाला, "ते सांगता येत नाही."

साउलने गव्हर्नरच्या कचेरीत टेलिफोन केला. तिकडच्या सेक्रेटरीने सांगितलं की साहेब कामात आहेत, राजीनामा वगैरे सगळ्या बाजारगप्पा आहेत. साउलने टेलिफोन खाली ठेवला. गंमत म्हणून पाठवलं असतंत तरी हसलो असतो, असं तो म्हणाला, पण आता तुम्ही जेवून जा, घाट लांब आहे.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या बाजारात राजकन्येने एका गिऱ्हाइकाची गवती हॅट खाल्ली आणि मग तिला कुणीच घेईना. ओब्दुलियो तिला घेऊन परत आला. बसमधून तो उतरला, टपावरून शेळी उतरली, आणि चौकात कुणी काही बोललं नाही, हेच जास्त लागलं. एदुव्हिखेसबाईंनी मात्र राजकन्येच्या गळ्यात पडून तिला घरी नेलं. तेवढं एक माणूस खूश झालं.

शनिवारी दुपारी न्हाव्याच्या दुकानातला रेडिओ बोलला. गव्हर्नरांनी राजीनामा दिला होता. ओब्दुलियो त्या वेळी एका बाहीला इस्त्री करत होता. त्याने इस्त्री उचलली, बाजूला ठेवली आणि आत जाऊन पलंगावर पडला. रोसाउरा मक्याचा आरेपा भाजून घेऊन आली. त्याने तो खाल्ला नाही, आणि लग्न झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं, म्हणून ती घाबरली. ती त्याच्या पायाशी बसून राहिली. मग म्हणाली, "बोलला असतात तर छापलं असतं. नाही बोललात. मला तर हा नवरा बरा वाटतो." यावर त्याने आरेपा खाल्ला.

संध्याकाळी तार आली. तेओदोलिंदाबाई ती स्वतः घेऊन आल्या, उघडी. साउलने लिहिलं होतं: 'माफ करा. कसं कळलं ते आता तरी सांगा.' ओब्दुलियोने त्यांच्याचकडून उत्तर पाठवलं: 'नाही.'

आणि आता गाव पेटलं. शिंप्याला गव्हर्नरचा राजीनामा आधी ठाऊक होता, ही गोष्ट तारऑफिसातून बाहेर पडून डोंगरभर झाली. आपल्या बहिणीच्या नाकाखालून एवढी चिवा गेली आणि आपण शेळीचे दात मोजत बसलो, या दुःखाने बेनिग्नोने काही दिवस दुकान उशिरा उघडलं. त्याने ओब्दुलियोला दारू पाजून पाहिली, पोटदुखीचं औषध फुकट दिलं, पण शिंपी फुटला नाही. गावाने मग स्वतःच उत्तर काढलं की मास्तरला पुढचं दिसतं. लोक लॉटरीचा आकडा विचारायला येऊ लागले. दिसत नाही म्हणून सांगितलं तर म्हणत, बरोबर आहे, असली माणसं कबूल करत नाहीत. एका म्हातारीने स्वतःच्या मरणाचा दिवस विचारला आणि त्याने मला ठाऊक नाही म्हटल्यावर समाधानाने घरी जाऊन पुढे पुष्कळ जगली. कपडे शिवायला टाकणारे वाढले, कारण माप देता देता भविष्य विचारता येत होतं. रोसाउराला हे आवडायचं. ओब्दुलियोला नाही. आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट पोटात घेऊन फिरणारा माणूस अवघडलेल्या बाईसारखा चालतो, तसा तो चालायचा.

पुढच्या वर्षी जत्रा भरली. बँड आला, घोडे आले, तळलेल्या डुकराच्या चामडीचा वास चौकभर सुटला. मळेवाल्यांनी नव्या शेजाऱ्याला, म्हणजे माजी गव्हर्नरांना, मंडपात बोलावलं. साहेब उन्हाने रापले होते आणि एकदम खुशीत होते. दोन शब्द बोला म्हटल्यावर ते उभे राहिले. म्हणाले की या गावाचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते कसले, ते आज सांगतो. मग त्यांनी कुंपणापासून चड्डीच्या रेघांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

लोक पोट धरून हसत होते. ओब्दुलियो दुसऱ्या रांगेत बसला होता, आणि आधी तर त्याला वाटलं की छातीवरचा दगड उतरला. एवढ्यात साहेब रंगात आले. "आणि घाईत मास्तरांनी," ते म्हणाले, "काळ्या दोऱ्याने पोत्यासारखे हेऽऽ टाके घातले. मी चुलतभावाकडे तीन दिवस भिंतीला पाठ लावून उभा होतो." मंडप हशाने हादरला. ओब्दुलियो उठून उभा राहिला. रोसाउराने कोट ओढून त्याला खाली बसवलं. बेनिग्नो तोपर्यंत मंडपात नव्हता. तो बहिणीकडे पळाला होता.

'ला कोलुम्ना'ने ती गोष्ट पहिल्या पानावर, चौकटीत, चित्रासकट छापली. पोत्याचे टाके होते, काळा दोरा होता. ओब्दुलियोच्या स्वतःच्या दुकानात घडलेल्या, त्याने वर्षभर जिवापाड जपलेल्या गोष्टीची चिवा बेनिग्नोने मारली होती. पण ओब्दुलियोला राग आला तो त्याचा नव्हे. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता, की काळा दोरा? करड्या कापडावर? त्याने त्याच दिवशी साउलला लिहून पाठवलं. दुसऱ्या पेपरची चूक दाखवायची संधी साउल कशाला सोडतो. त्याने मजकुराचा कानामात्राही न बदलता तो पहिल्या पानाच्या माथ्यावर छापला:

'खुलासा. माजी गव्हर्नरांची पँट काळ्या दोऱ्याने शिवली, असे दुसऱ्या एका पत्राने छापले आहे. ते खोटे आहे. पँट गडद करडी होती व दोरा त्याच रंगाचा होता. टाके बारीक होते. ओब्दुलियो आर्बेलाएस, शिंपी व वार्ताहर, ला कुचिया.'

रोसाउराने तो अंक शेजारपाजारच्या सगळ्या घरांतून फिरवून आणला. ओब्दुलियोने आपलं नाव एकदा वाचलं, पुन्हा चष्मा पुसून वाचलं, आणि मग दिवसभर काही शिवलं नाही, नुसता दारात उभा राहिला.

थोड्याच दिवसांत मार्कोसने बसमधून एक पुडकं आणून दिलं. आत ती पँट होती, धुऊन घडी घातलेली. माजी गव्हर्नरांनी निरोप पाठवला होता की मंडपात हसवायच्या भरात बोललो, चुकलं. शिवण मला स्वतःला सापडत नाही, तेव्हा आता लोकांनाच बघू द्या. ओब्दुलियोने पँट दुकानाच्या काचेत उलटी टांगली, बैठक चौकाकडे करून. रविवारी प्रार्थना सुटली की लोक काचेला नाक लावून शिवण शोधत.

बेनिग्नो पुष्कळ दिवस लांबून गेला. शेवटी एकदा औषधं तपासायचं भिंग घेऊन आत आला, पँट खाली काढायला लावली, उजेडात नेली आणि धागा धागा पाहिला. घाम पुसत त्याने एका जागी बोट ठेवलं. "ही बघा," तो म्हणाला. "सापडली."

ओब्दुलियोने वाकून पाहिलं. "ती कारखान्याची," तो म्हणाला. "खिशाची. अजून शोधा, मला घाई नाही." आणि त्याने बेनिग्नोला बसायला स्टूल दिलं.